बुरूज चौकातली धार

"दावं न्हाई, काठी न्हाई," आप्पा म्हणाले. "गंगावेशीतनं निघंल ती थेट हायवेला जाऊन थांबंल. तेबी संध्याकाळी, ऐन गर्दीत. मग तरी पटंल का साहेब?"

कारखानीस साहेब आमच्या गोठ्याच्या दारात उभे होते. शहराची वाहतूक वळणावर आणायला त्यांना बाहेरून बोलावलेलं. बूट शेणात जाऊ नयेत म्हणून ते एकाच फरशीवर अंग चोरून उभे होते आणि गल्लीतले सगळे गवळी त्यांच्याभोवती कोंडाळं करून होते. मी, आप्पांची लेक, आत आमच्या गुलछडी म्हशीच्या पाठीआड राहून ऐकत होते. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. बाप्यांच्या बोलण्यात पोरीनं तोंड घालायचं नाही अशी घरची शिस्त होती, पण कान घालायला कुणाची बंदी नव्हती.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. गावातले सगळे गोठे हायवेच्या पलीकडं माळावर न्यायचे. मुख्य रस्त्यांवर आता बसगाड्या, ट्रक, स्कूटरी वाढल्या आहेत, आणि जनावराचा भरवसा देता येत नाही. माळावर जागा मिळेल, पाणी मिळेल. दूध कॅनमधून गावात येईल. बोलत होते ते शांतपणे, हात जोडून. माणूस वाईट असता तर आमच्या लोकांनी दोन शब्दांत वाटेला लावला असता. चांगल्या माणसाशी भांडायचं कसं हे कोल्हापुरात कुणाला येत नाही.

पण कॅनमधून दूध येणार म्हणजे आमचा कट्टा संपणार होता. बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते. आमच्याकडं गवळी म्हैस घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहतो. गिऱ्हाईक गिलास पुढं करतं आणि त्याच्या डोळ्यांदेखत गवळी धार काढतो. फेसाळ, कोमट दूध तिथंच उभ्यानं प्यायचं, मिशी पुसायची आणि चालायला लागायचं. तालमीतले पैलवान येतात, कोर्टातले वकील येतात, बाळंतिणीसाठी तांब्या घेऊन म्हाताऱ्या येतात. म्हैस हायवेपलीकडं गेली तर कट्ट्यावर उभं काय करायचं? रिकामा गवळी?

आप्पांचं दुसरंही एक म्हणणं होतं आणि ते त्यांनी साहेबांना ऐकवलंच. "ह्या रस्त्यावरनं राजाचे हत्ती गेले, घोडी गेली, आता तुमच्या मोटारी जातात. पर समद्यांच्या आधी म्हशी गेल्या. म्हशीच्या पायानं पडलेला रस्ता हाय ह्यो. म्हणून तर सरळ न्हाई."

साहेब हसले. म्हणाले, म्हैस एवढी शहाणी असेल तर दाखवा. तेव्हाच आप्पांनी ती दाव्या-काठीची पैज सांगून टाकली. साहेबांनी एकच अट वाढवली. आडव्या गल्लीबोळांतून न्यायची नाही, मुख्य रस्त्यानंच न्यायची. पोचली तर गोठे जागेवर राहतील. वाटेत काही झालं तर मात्र गवळ्यांनी कुरकुर न करता माळावर जायचं. चार लोकांसमोर शब्द दिला गेला. कोल्हापूरचा माणूस एकदा ईर्ष्येला पेटला की त्याला विहीर दिसत नाही.

साहेबांची जीप गल्लीच्या तोंडाला वळली आणि माझी आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "मुख्य रस्त्यानं म्हणजे बुरूज चौकातनंच जाणार की."

आप्पांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला.

पापाची तिकटी ओलांडली की पुढं एक चौक लागायचा. तटबंदीचा अर्धा बुरूज तिथं शिल्लक होता, म्हणून आम्ही त्याला बुरूज चौक म्हणायचो. आप्पांचा कट्टा त्या बुरुजाला लागूनच होता, त्यांच्या बापापासूनचा. गुलछडी लहानाची मोठी झाली ती तिथं उभी राहूनच. तिची आईही तिथंच उभी राहायची. मग चौकात लाल-हिरवे दिवे बसले आणि आमचा कट्टा मागच्या बोळात गेला. बसूदादा, माझा थोरला भाऊ, बाकीच्या म्हशी तिकडं न्यायचा. गुलछडीला मात्र तेव्हापासून त्या चौकात कुणी नेलंच नव्हतं. तिला त्या जागेवर नेली की ती उभी राहणार, आणि एकदा उभी राहिली की धार काढल्याशिवाय हलणार नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ते आप्पांना ऐन वेळी आठवलं नाही. आपल्या म्हशीचं कौतुक करताना तिची खोड विसरावी, अशी चूक गवळीच करू जाणे.

"जायच्या आधी पिळून काढू तिला," दादा म्हणाला. "आचळात दूधच न्हाई म्हटल्यावर कशाला थांबंल?"

"ते नीलव्वाच्या हातात हाय," आई म्हणाली.

नीलव्वा म्हणजे मी. आदल्या सालात गुलछडीचं रेडकू मेलं आणि तिनं दूध चोरायला सुरुवात केली. आप्पा बसले, दादा बसला, शेजारचे जाणते गवळी बसले, पण ती कास दगडासारखी करून उभी राहायची. मी दोन दिवस तिच्याजवळ नुसती बसून होते. खरं सांगायचं तर रेडकासाठी मलाच रडू येत होतं आणि दुसरीकडं रडायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या हाताला पान्हा सोडला. तेव्हापासून तिची धार मीच काढायची, पण गोठ्याच्या आत, दार लोटून. कट्ट्यावर बाई नको हा एक नियम होता. दुसरं म्हणजे आप्पांचं नाव. मल्लाप्पा खडक्याच्या हाताला दगडसुद्धा पान्हा सोडेल, असं पेठेत बोललं जायचं. ते तसंच बोललं जावं, अशी घरात सगळ्यांचीच इच्छा होती. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं म्हणणार नाही. वाटायचं. पण म्हशीची शिंगं म्हशीला जड नसतात, असं आई म्हणायची, आणि मी गप्प बसायचे.

ठरलेल्या दिवशी दुपार कलल्यावर मी धारेला बसले. पण गल्लीत तोवर हलगी वाजायला लागली होती. तालमीची पोरं दारात जमली होती, कुणी गुलाल घेऊन, कुणी हार घेऊन. गुलछडीनं कान टवकारले आणि काय समजायचं ते समजली. चार धारा दिल्या आणि बाकीचं वर ओढून घेतलं. मी पाठीवरून हात फिरवला, कानाशी बोलले, शिव्यासुद्धा दिल्या. काही उपयोग झाला नाही.

बाहेर येऊन मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू घरात थांब."

आईनं मात्र मला परसदारातून बाहेर काढलं. "लांबनं लांबनं चाल," ती म्हणाली. "दिसू नको, पर हरवू बी नको."

"येतो," मी म्हटलं. आमच्याकडं पोरीही येतो-जातोच म्हणतात.

आमच्या म्हशी फटफटीच्या मागून चालतात. दिवाळीच्या पाडव्याला गवळी फटफट्यांचे सायलेन्सर काढून त्या आवाजामागं म्हशी पळवतात, सारं गाव बघायला लोटतं. गुलछडीला दादाच्या गाडीचा आवाज कुठंही ओळखू यायचा. दादानं गाडी चालू केली, आप्पा तिच्या बाजूनं मोकळ्या हातानं चालायला लागले, आणि गुलछडी गंगावेशीतून निघाली. पाठीवर झूल नव्हती की शिंगांना रंग नव्हता. आप्पांनीच नको म्हटलं होतं. तिची पाठीमागं वळलेली लांब शिंगं तेवढी तेल लावून चमकत होती. त्या शिंगांना रस्ता अर्धा लागायचा.

रस्त्याच्या दोन्ही अंगाला माणसं उभी होती. माड्यांच्या खिडक्यांत बायका होत्या. साहेबांची जीप मागून हळूहळू येत होती आणि मी जीपच्याही मागं, पदर डोक्यावर ओढून. पापाच्या तिकटीजवळ रस्त्याला उतार आणि वळण दोन्ही आहे. तिथं एका माळणीची मेथीची पाटी भर रस्त्याला टेकलेली होती. सगळ्यांनी श्वास रोखला. गुलछडीनं पाटी हुंगली, दादाच्या गाडीचा आवाज पुढं जातोय हे ऐकलं, आणि पाटीला वळसा घालून गेली. मागून येणाऱ्या जीपचं चाक मात्र पाटीला घासलं. माळण साहेबांना म्हणाली, "म्हशीगत जरा बघून चला की."

लोक हसले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की जमेल. छाती भरून आली माझी. वाटेवरचा प्रत्येक दुकानदार तिला ओळखत होता. ही आमची, हे सांगावं असं वाटत होतं, पण सांगणार कुणाला? मी घरात थांबलेली होते ना.

मग बुरूज चौक आला.

दादानं वेग वाढवला, म्हणजे तिला विचार करायला वेळ मिळू नये. दिवा हिरवा होता. दादा सटकन चौक पार करून गेला. गुलछडी बुरुजाजवळ आली, थांबली, मागचे पाय जरा फाकवले आणि स्थिर उभी राहिली. अगदी त्याच जागेवर. त्याच क्षणी वरचा दिवा लाल झाला.

चौकातल्या माणसांना आमचा कट्टा तेवढ्यापुरता कुठला आठवायला? त्यांना एवढंच दिसलं की दिवा लाल झाला आणि म्हैस गाड्यांनी थांबायच्या पांढऱ्या रेघेच्या आत उभी राहिली. असा आवाज उठला की बुरुजावरची कबुतरं उडाली. साहेबसुद्धा जीपमधून अर्धे बाहेर येऊन बघत राहिले. एका म्हाताऱ्यानं पुढं येऊन तिच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला. आप्पांच्या चेहऱ्यावर मात्र रक्ताचा थेंब नव्हता.

दिवा हिरवा झाला. गुलछडी हलली नाही.

दादानं पलीकडून गाडीचा आवाज वाढवला. ती कान हलवून ऐकत होती, पण पाय जागेवर. मागं बसगाडी होती, तिनं भोंगा दिला. तिच्या मागं ट्रक, त्याच्या मागं टांगे, सायकली. दिवा पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मी जीपच्या आडून बघत होते आणि मला कळत होतं, की आता आमचे गोठे चालले माळावर.

आप्पांनी बुरुजाजवळच्या हॉटेलातून पितळी पातेलं आणि तांब्याभर पाणी मागून घेतलं. भर चौकात, भोंग्यांच्या गलक्यात, ते तिच्या कासेशी उकिडवे बसले. सड धुतले. आणि ज्या हातांचं नाव सगळ्या पेठेत होतं, त्या हातांनी ते धार काढायला लागले.

एक थेंब आला नाही. त्यांनी जागा बदलली, पुन्हा प्रयत्न केला. माणसं वाकून बघत होती. त्यांतले अर्धे तरी आप्पांच्या हातचं दूध पिऊन मोठे झालेले होते. बसगाडीचा ड्रायव्हर खाली उतरून भांडायला पुढं आला होता, तोही बघतच राहिला. आप्पांच्या मानेवरून घाम वाहत होता. मला पुढं जावंसं वाटत होतं आणि जाववत नव्हतं. मी गेले असते तर त्यांचं काहीच उरलं नसतं. त्यांचं नाव मोडायचा हक्क माझा नव्हता.

आप्पा उठले. पातेलं हातात तसंच रिकामं होतं. त्यांनी गर्दीवरून एकदा नजर फिरवली आणि कुणाला तरी शोधायला लागले. मला वाटलं होतं की मी दिसत नाही. त्यांना मी मागून येतेय हे गंगावेशीपासूनच माहीत असणार.

"ही माझ्या हाताला पान्हा सोडत न्हाई," ते म्हणाले. ओरडले नाहीत, पण चौकात सगळ्यांना ऐकू गेलं. "साल होत आलं. हिची धार माझी लेक काढती. नीलव्वा, ये."

माणसं बाजूला झाली. मी बुरुजापर्यंत कशी चालत गेले ते आठवत नाही. आप्पांनी पातेलं माझ्या हातात दिलं, आणि मग एक गोष्ट केली. मी बसल्यावर ते माझ्या आणि गर्दीच्या मध्ये येऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडं करून, जसे ते गुलछडीला नव्या जागी आडोसा द्यायचे तसे.

मी तिच्या पोटाला कपाळ टेकलं. भोंगे वाजत होते. तिला काय सांगायचं ते नेहमीसारखं सांगितलं, काय ते तिला आणि मला ठाऊक. पहिली धार पातेल्याच्या तळाला वाजली तेव्हा सगळ्यात जवळ बसगाडीचा ड्रायव्हर उभा होता. त्यानं मागं वळून हात वर केला आणि मागचे भोंगे एकेक करून थांबले. मग चौकात फक्त धारेचा आवाज होता. पातेलं भरलं, हॉटेलवाल्यानं गिलास आणून मांडले. पहिला गिलास आप्पांनी ड्रायव्हरला दिला. तो उभ्यानं प्याला, मिशी पुसली आणि गाडीत जाऊन बसला.

साहेब आले. आप्पांनी त्यांच्यापुढंही गिलास धरला. त्यांनी तो घेतला, पण प्याले नाहीत.

"मल्लाप्पा, रस्ता अडला," ते म्हणाले.

"अडला. खोटं कशाला बोलू," आप्पा म्हणाले. "पर चूक तिची न्हाई साहेब. ही उभी ऱ्हायची जागा तिला आम्हीच शिकवली. पांढरी रेघ तुम्ही मागनं मारली."

साहेबांनी खाली बघितलं. गुलछडीचे पुढचे खूर रेघेच्या आत होते. त्यांनी गिलास तोंडाला लावला, आणि सगळा संपवूनच खाली ठेवला.

मी उठले आणि गुलछडीच्या पुट्ठ्यावर थाप मारली. "चल," म्हटलं. दिवा कुठला होता देव जाणे, पण ती चालायला लागली. मग तिनं कुठंच खोळंबा केला नाही. भाऊसिंगजी रोडला कोर्टाची माणसं सुटली होती, दसरा चौकात शाळेच्या मुली रस्ता ओलांडत होत्या, स्टेशन रोडला टांगेवाल्यांची नेहमीची भांडणं चालली होती. त्या सगळ्यांतून ती वाट काढत गेली. आप्पा तिच्या उजवीकडं होते आणि मी डावीकडं. घरी जा, असं मला कुणी म्हटलं नाही.

कावळा नाक्याच्या पुढं रस्ता एकदम रुंद झाला. हायवे मी तोवर बघितला नव्हता. मालाचे ट्रक अंगावरून जावेत तसे जात होते, आणि त्यांच्यातला एकही आमच्या गावासाठी थांबत नव्हता. गुलछडी कडेला जाऊन उभी राहिली आणि रवंथ करायला लागली. मागून आलेल्या पोरांनी आता गुलाल उधळला. दादा गाडीवरून उतरून तिच्या गळ्यात पडला.

साहेब जीपमधून उतरले. सगळे गवळी जवळ सरकले, कारण चौकातलं अडणं हे वाटेत काही होण्यात धरायचं की नाही, हे साहेबांच्या जिभेवर होतं.

"मी त्या चौकात रोज संध्याकाळी उभा असतो," ते म्हणाले. "माणसं रेघेच्या आत थांबावीत म्हणून घसा कोरडा करतो. आज न सांगता थांबणारी ही पहिली." मग आप्पांकडं वळून म्हणाले, "गोठे राहू देत. सकाळ-संध्याकाळ म्हशी मुख्य रस्त्यानं जातील. पण एका अटीवर. त्यांच्या पुढं चालणारा एक जबाबदार माणूस पाहिजे. काही झालं तर मी त्यालाच विचारणार. नाव सांगा."

गवळ्यांनी दादाकडं बघितलं. दादानंही फेटा सारखा केला.

"नीलव्वा मल्लाप्पा खडके," आप्पा म्हणाले.

दादा बघतच राहिला. माझं सगळं नाव एका दमात कुणी उच्चारलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, शाळेत सोडून. मागं कुणीतरी कुजबुजलं, कट्ट्यावर बाई? साहेबांच्याही कपाळाला आठी पडली.

"मुलगी?" त्यांनी विचारलं. "रस्त्यावर? लोक मानतील का?"

आप्पांनी पटका डोक्यावर नीट बसवला. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज नेहमीसारखा आला, कट्ट्यावर असायचा तसा.

"साहेब," ते म्हणाले, "तुमचा लाल दिवाबी गावाला नवाच हुता. मानला का न्हाई आमी?"

साहेब मोठ्यानं हसले, आणि सगळा नाका हसला. मला मात्र हसू येईना. गुलछडीच्या मानेत तोंड लपवून मी उभी राहिले, तर आप्पा जवळ आले. त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला तिच्या पुढं उभं केलं आणि स्वतः मागं गेले.

"चल," म्हणाले, "म्होरं हो."

दादानं गाडी बंद करून हातानं ढकलत आणली. हायवेपासून गंगावेशीपर्यंत, भर रस्त्यानं, सगळ्यांत पुढं मी होते, माझ्या मागं गुलछडी आणि तिच्या मागं आप्पा.